डोक्याची लाल बॅटरी: लोरिस बघायला कोणती घ्यावी, कोणती घेऊ नये

कोल्हापुरात डोक्याला लावायची बॅटरी शोधावी लागत नाही. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री असते, उसाला पाणी रात्रीच पाजावं लागतं, म्हणून शहरातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांपासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत सगळीकडे चार-पाच प्रकार टांगलेले दिसतात. दोन्ही हात मोकळे राहतात, झोत लांब जातो, सेल चार्ज करता येतो. सरीत उभं राहून दारं धरायला त्या चांगल्याच आहेत. पण हीच बॅटरी डोक्याला लावून चंदगडमार्गे तिलारीच्या बाजूला रात्री लाजवंती, म्हणजे स्लेंडर लोरिस हा माकडांच्या नात्यातला निशाचर प्राणी, बघायला जाणारे वाढलेत आणि तिथे ती साफ चुकीची ठरते. बॅटरी किती लुमेनची, म्हणजे किती उजेडाची, आहे हे दुकानदार सांगतो. लोरिसच्या डोळ्याला ती कशी लागते हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. हे परीक्षण त्या डोळ्याच्या बाजूने केलेलं आहे.

बाजारात मिळणाऱ्या मालाचे तीन गट पडतात. पहिला, शेतीची झूमवाली: ॲल्युमिनियमचं डोकं, मागे 18650 आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे एक किंवा दोन सेल, पांढरा झगझगीत झोत. दुसरा, ट्रेकिंगची हलकी: पेन्सिल सेलहून बारीक असे तीन एएए सेल, पुढे पांढरा मोठा एलईडी आणि बाजूला लाल रंगाचा एक बारका एलईडी. तिसरा, लाल झोत असलेली: लाल एलईडी भिंगाच्या मागे स्वतंत्र बसवलेला, त्याला वेगळं बटण. हा तिसरा प्रकार दुकानात क्वचित दिसतो, बहुधा मागवून घ्यावा लागतो. शिवाय पांढऱ्या बॅटरीवर लाल जिलेटिन पेपर लावायचा उपाय आहेच, त्याकडे नंतर येतो.

आधी डोळा. लोरिस पाव किलोच्या आसपासचा प्राणी, सह्याद्रीतली मलबार उपजात त्याहूनही हलकी. शेपूट नाही, हातपाय काडीसारखे, आणि चेहऱ्याचा बराचसा भाग डोळ्यांनीच व्यापलेला. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे टॅपेटम नावाचा परावर्तक थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश हा थर परत पडद्यावर फेकतो, म्हणजे एकाच प्रकाशाचा दोनदा उपयोग होतो. त्यातून जो बाहेर सुटतो तीच आपल्याला दिसणारी नारिंगी-लाल चमक. पडद्यात मंद प्रकाशात काम करणाऱ्या रॉड पेशींची गर्दी असते. रंग ओळखायला लागणाऱ्या शंकू पेशींचा निळ्या बाजूचा प्रकार लोरिसमध्ये निकामी झालेला आहे. हिरव्या-पिवळ्या भागात काम करणारा एकच प्रकार उरतो, त्यामुळे त्याला रंगांचा भेद कळत नाही.

आता खरेदीशी थेट संबंध असलेला आकडा. रॉड पेशी 500 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला, सर्वात जास्त प्रतिसाद देतात. माणसाच्या डोळ्यावरच्या मोजमापांनुसार 630 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला हा प्रतिसाद साधारण तीनशेव्या भागावर येतो आणि 660 ला त्याच्याही दहाव्या भागावर. सस्तन प्राण्यांच्या रॉड पेशी या बाबतीत फारशा वेगळ्या नसतात. म्हणजे लाल झोत लोरिसला अजिबात दिसत नाही असं नाही. उरलेला शंकू पेशींचा एक प्रकार आहेच, आणि जवळून मारलेला जोरदार लाल झोत त्यालाही टोचणार. पण त्याच ताकदीच्या पांढऱ्या झोताच्या मानाने तो फार मंद पडतो. पांढरा एलईडी मुळात निळ्या एलईडीवर पिवळसर लेप देऊन केलेला असतो, त्याचा एक उंचवटा 450 च्या आसपास राहतो. 6500 केल्विनचा, म्हणजे निळसर पांढरा, ‘कूल व्हाइट’ झोत रॉड पेशींवर थेट आदळतो. माणसाच्या डोळ्याला अशा झोतानंतर अंधाराला पुन्हा पुरतं सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. लोरिसची तर सगळी रात्र त्याच पेशींवर चालते. दिपलेला लोरिस फांदीवर थिजतो, आपण त्याला ‘किती शांत बसलाय’ म्हणतो, आणि तेवढा वेळ त्याला किडाही दिसत नाही आणि घुबडही दिसत नाही.

म्हणून पहिला गट या कामातून बाद. झूम करून झोत बारीक केला की तो आणखी तीव्र होतो. त्यात बहुतेक मॉडेलांत तिसऱ्या दाबाला लुकलुकणारा झोत असतो. अंधारात चाचपडताना बटण एकदा जास्त दाबलं गेलं की तो सुरू होतो. हिरवा झोत देणाऱ्या काही बॅटऱ्याही विकायला असतात आणि ‘जंगलासाठी खास’ असं सांगितलं जातं. लोरिससाठी हिरवा सर्वात वाईट, कारण 520-530 नॅनोमीटर म्हणजे रॉड पेशींच्या शिखराला लागूनच.

दुसऱ्या गटाची अडचण वेगळी आहे. लाल एलईडी असतो, पण त्याचा उजेड जेमतेम पाच-दहा लुमेन आणि समोर भिंग नाही. नकाशा वाचायला, पाण्याची बाटली शोधायला तो बनवलेला आहे. पाच-सात मीटरच्या पुढे त्यात डोळ्याची चमक उठत नाही, आणि लोरिस पंधरा-वीस मीटरवरच्या वेलींच्या गुंत्यात असतो. मोठी खोट बटणाच्या क्रमात आहे: पहिल्या दाबाला पांढरा पूर्ण, दुसऱ्याला पांढरा मंद, तिसऱ्याला लुकलुक, मग लाल. लालपर्यंत जायला प्रत्येक वेळी समोरच्यावर पांढरा झोत मारावाच लागतो. काही मॉडेलांत बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की थेट लाल लागतो, ती चालतील. दुकानातच बघा: बॅटरी बंद करा, पुन्हा चालू करा, पहिला उजेड कोणता येतो? पांढरा आला तर ठेवून द्या.

तिसरा गट घेण्यासारखा. लाल एलईडी भिंगामागे असल्यामुळे झोत तीस-चाळीस मीटर नीट जातो, आणि लालचं बटण वेगळं. घेताना तरंगलांबी 620 ते 630 ची बघावी. 660 वाला ‘डीप रेड’ लोरिसला आणखी कमी दिसतो खरा, पण आपल्यालाही कमी दिसतो. आपला डोळा 660 ला 630 च्या साधारण चौथाई भागाएवढाच प्रतिसाद देतो, मग उजेड पुरत नाही म्हणून माणूस ताकद वाढवतो आणि होता तो फायदा घालवून बसतो. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे, किमान दोन पायऱ्या हव्यात. शोधताना वरची पायरी, प्राणी दिसल्यावर लगेच खालची, आणि झोताचा मधला तेज गोळा चेहऱ्यावर न ठेवता फांदीच्या कडेला. कडेच्या अंधुक उजेडात चेहऱ्यावरचा पांढरा पट्टा आणि डोळ्यांभोवतीची गडद वर्तुळं दुर्बिणीतून स्वच्छ दिसतात. अंगाचा रंग राखाडी की तांबूस, हे मात्र लाल उजेडात ठरवू नये. तिथे सगळंच लाल असतं.

जिलेटिन पेपर स्टेशनरीच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो. हा उपाय आम्ही पूर्ण नाकारत नाही. एका थरातून हिरवा-निळा उजेड बराच निसटतो, म्हणून तीन-चार थर लागतात. ते पुरतात का, हे बघायची सोपी रीत आहे. घरात अंधार करा, जुनी सीडी घ्या, तिच्या चकचकीत बाजूवर झोत तिरका पाडा आणि परत येणारे रंगाचे पट्टे पाहा. फक्त लाल पट्टा दिसला तर ठीक. हिरव्याची किंवा निळ्याची कडा दिसली तर आणखी एक थर. पण शेतीच्या झूमवाल्या बॅटरीचं डोकं दहा-पंधरा मिनिटांत तापतं, कागद मऊ पडून आक्रसतो, रंग उडतो आणि मधोमध फिकट ठिपका पडतो. त्यातून नेमका सर्वात तेज भाग पांढरा बाहेर येतो. त्यामुळे बॅटरी खालच्या पायरीवरच चालवावी, कागद भिंगाला चिकटवू नये, टोपणाच्या कडेला रबरबँडने ताणून बसवावा आणि सीडीची परीक्षा दर फेरीआधी करावी. तयार लाल काचेची टोपी मिळत असेल तर ती केव्हाही सरस.

बॅटरी डोक्यालाच का, हातात का नको, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. टॅपेटम प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. बॅटरी कमरेजवळ धरली तर चमक कमरेकडे येते, डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. समोर लोरिस असून दिसत नाही, त्याचं हे सर्वात साधं कारण आहे. झोत डोळ्याच्या रेषेच्या जितका जवळ तितकं चांगलं. म्हणून पट्टा कपाळावर खाली, भुवयांच्या वर दोन बोटं. हातबॅटरीच असेल तर ती कानशिलाला टेकवून धरावी. चष्मा असणाऱ्यांना काचेवर झोताची झळ येते, त्यांनी टोपीचा झाप बॅटरीच्या खाली येईल असा घालावा.

याच गोष्टीची दुसरी बाजू धुक्यात कळते. झोत डोळ्याजवळ असला की धुक्याचे कण तो थेट तोंडावर परत फेकतात आणि समोर लाल भिंत उभी राहते. आंबोली-तिलारीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात आणि नंतरही कितीतरी रात्री अशा असतात. त्यावर कोणत्याही बॅटरीचा इलाज नाही. ताकद वाढवली तर भिंत आणखी दाट होते. अशा रात्री शोध सोडून द्यावा.

सेल बघताना डोळे उघडे ठेवा. 18650 या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता 2600 ते 3500 मिलीॲम्पिअर-तास असते. बाजारात 6800, 8800, अगदी 9900 छापलेले सेल सर्रास मिळतात. या आकारात एवढी क्षमता मावतच नाही. सोनाराचा नाही तरी घरचा छोटा काटा वापरा: खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, तिशीत भरला तर आत जुना किंवा छोटा सेल घातलेला आहे. असा सेल तासाभरात बसतो आणि चार्जिंगला तापतो. एएए सेलवाल्या बॅटरीत उलट फायदा असा की चंदगडच्या किराणा दुकानातही सेल मिळतात. तीनही सेल एकाच वेळी बदलायचे. एक नवा आणि दोन जुने घातले की जुना उलटा चार्ज होऊन फुटतो, पांढरं क्षार सुटतं आणि स्प्रिंग खातं. क्षार दिसलं तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावून पुसावं, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून कोरडं करावं.

पाण्याबाबत खोक्यावर आयपीएक्स4 असेल तर चहूबाजूंच्या शिंतोड्यांपुरतं संरक्षण आहे. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसाला आयपीएक्स4 कमी पडतं, विशेषतः चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच सैल झाल्यावर. सेलच्या झाकणाच्या रबरी कड्याला हंगामात एकदा सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, रबर फुगतं. आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. डासांच्या बऱ्याच मलमांत आणि फवाऱ्यांत असलेलं डीट नावाचं रसायन प्लॅस्टिकचं भिंग आणि बॅटरीची बॉडी विरघळवतं. मलम लावलेल्या बोटांनी भिंग पुसलं की ते कायमचं धुरकट होतं. आधी बॅटरी बांधा, मग मलम लावा, तळवे पुसा.

आवाजाचंही परीक्षण करावं लागतं, कारण लोरिस फक्त डोळ्यांवर जगत नाही. मुंग्या, वाळवी, भुंगे, नाकतोडे हा त्याचा मुख्य आहार, आणि त्यांचा माग तो कानाने आणि ओल्या नाकानेही काढतो. लोरिस आणि आफ्रिकेतले त्याचे नातलग गलेगो यांची श्रवणमर्यादा माणसाच्या 20 किलोहर्ट्झच्या बरीच पुढे जाते. स्वस्त बॅटऱ्यांच्या सर्किटमधून मंद पायरीवर बारीक ‘चिंऽऽ’ असा आवाज येतो. बॅटरी कानाला लावून तपासा. आपल्याला ऐकू येत असेल तर त्याला नक्कीच येतो. कडक खटका असलेलं बटण, कोन बदलताना करकरणारा बिजागर, वेल्क्रोचा पट्टा, हे तिन्ही रात्रीच्या रानात फार मोठे आवाज आहेत. रबरी बटण आणि इलॅस्टिकचा पट्टा बघून घ्या.

चमक कोणाची हे ओळखता आलं नाही तर बॅटरी कितीही चांगली असून उपयोग नाही. लोरिसचे दोन्ही डोळे समोर असतात, म्हणून जोडी जवळजवळ आणि पूर्ण गोल दिसते, रंग पेटत्या निखाऱ्यासारखा. जोडी सरकते ती सलग आणि संथ. लोरिस उडी मारत नाही, एक पकड पक्की केल्याशिवाय दुसरी सोडत नाही. चमक झपकन एका झाडावरून दुसऱ्यावर गेली तर तो लोरिस नव्हे. जाड फांदीवरून भरभर चालत जाणारी जोडी बहुधा उदमांजराची. रस्त्यावर किंवा उघड्या जागी जमिनीलगतची लाल-नारिंगी चमक रातवा पक्ष्याची असू शकते. पानावरचे टाचणीएवढे हिरवट-पांढरे बिंदू कोळ्यांचे, आणि दवाचा थेंब मान हलवली की विझतो. लोरिस बऱ्याचदा एकदा बघून तोंड फिरवतो, त्यामुळे चमक गेली म्हणून प्राणी गेला असं समजू नये. झोत तिथून बाजूला घ्यावा आणि मिनिटभर थांबावं.

शोधायचा वेग तासाला साधारण एक किलोमीटर. झुडपाच्या उंचीपासून शेंड्यापर्यंत, दोन्ही बाजूंना, आणि दर काही पावलांनी मागेही झोत फिरवायचा. वेली, बांबूची बेटं, फांद्या एकमेकींत शिरलेल्या जागा आधी. लोरिसला जाण्यासाठी फांदीला फांदी लागलेली हवी, छत तुटलं की त्याला जमिनीवर उतरावं लागतं. मलबार लोरिसचा पट्टा केरळ-कर्नाटकातून गोव्यापर्यंत वर येतो आणि महाराष्ट्रात त्याचं टोक तिलारीच्या बाजूला लागतं. तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटर रान 2020 मध्ये संवर्धन राखीव झालं. तिथे आणि कोणत्याही राखीव वनात रात्री शिरायचं तर वनविभागाची परवानगी आधी. लोरिस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

लाल बॅटरीची एक उणीव कोणत्याही किमतीत भरून येत नाही: पायाखालचं दिसत नाही. वाळक्या पानांत घोणस किंवा फुरसं असेल तर लाल उजेडात त्याची नक्षी पुसून जाते. म्हणून दुसरी बारकी बॅटरी लागतेच. पिवळसर पांढरी, सर्वात मंद पायरीवर, हातात, गुडघ्याच्या खाली आणि तोंड जमिनीकडे. चालताना ती, थांबून बघताना फक्त लाल. पांढरा झोत वर उचलायचा नाही हे गटातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगावं, आणि मोबाइलचा फ्लॅश बंद आहे ना हे बघावं.

बघायचा वेळ एका प्राण्यावर दोन मिनिटांच्या आत. एकटं पिल्लू फांदीला धरून बसलेलं दिसलं तर ते हरवलेलं नाही. लोरिसची आई पिल्लाला रात्री फांदीवर ठेवून चरायला जाते आणि नंतर परत येते. झोत लगेच काढून घ्यावा, उचलून ‘वाचवू’ नये. फोटो टाकताना मोबाइलमधली जागेची नोंद बंद ठेवा. काळी जादू आणि गावठी औषधांसाठी, विशेषतः डोळ्यांसाठी, या प्राण्याला आजही पकडलं जातं. तमिळनाडूने 2022 मध्ये कडवूर इथे 11,806 हेक्टरांचं लोरिस अभयारण्य जाहीर केलं, देशातलं पहिलं. आपल्याकडे अजून तसं काही नाही, तोवर जागा गुप्त राहणं हेच त्याचं मोठं संरक्षण.

किमतीचं बोलायचं तर पहिले दोन गट साधारण हजाराच्या आत येतात, तिसऱ्याला त्याहून जास्त मोजावे लागतात. वर्षातून एखाददुसरी फेरी करणाऱ्याने दुसऱ्या गटातली, दाबून धरल्यावर थेट लाल लागणारी घ्यावी आणि जवळच्या झुडपांपुरतं समाधान मानावं. नियमित नोंदी करणाऱ्याने तिसऱ्या गटातलीच घ्यावी, सोबत एक जादा खरा 18650 आणि तो ठेवायला प्लॅस्टिकची डबी. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला तर टोकं जोडली जाऊन पेट घेतो. शेतीची बॅटरी घरी असेल तर टाकू नका, लाल काचेची टोपी लावून खालच्या पायरीवर ती कामचलाऊ होते. आणि मृग लागला, रानात जाणं थांबलं, की सेल काढून ठेवा. लिथियमचा सेल अर्धा भरलेला, बॅटरीचं झाकण उघडं, आत सिलिका जेलची पुडी.